दोन डावे कान

३ मार्च

ताई,

पाकीट जपून उघडा. आत पुठ्ठ्याच्या घडीत नखाएवढं मेमरी कार्ड चिकटवलंय आणि त्या कार्डात तुमच्या भावाचा कान आहे.

घाबरू नका, कानाची फाईल आहे. दुकानाच्या दाराची काच ह्यांच्या अंगावर पडली तेव्हा डोक्याचा स्कॅन आमच्याच हॉस्पिटलात काढला होता. मी एक्स-रे विभागात आहे म्हणून तो पुसला जायच्या आत मला मिळाला. उजवा कान गेला तो गेलाच, पण डावा स्कॅनमध्ये अगदी शाबूत आहे. आमच्या प्रोग्राममध्ये मी तो वेगळा काढला, आरशात दिसतो तसा उलट केला, म्हणजे त्याचा उजवा झाला, आणि मग त्याचे काप करून कार्डात भरले. पावाचे करतात तसेच काप, फक्त कागदाइतके पातळ. प्रत्येक कापाची नुसती कडेची रेघ फाईलमध्ये आहे. आख्खा आकार आमचा प्रोग्राम बाहेर देतच नाही. तो फक्त काप देतो.

तुमच्या कारखान्यात ज्या मशीनवर नळांचे मेणाचे नमुने काढता, त्याला असे काप चालतात हे तुम्हीच मागे म्हणाला होता. कान बसवणारे डॉक्टर म्हणतात, मेणाचा कान आणून द्या, त्यावरून मऊ रबरी कान करून देतो. एरवी ते पेशंटला समोर बसवून हाताने घडवतात, पण ह्यांना तेवढी सवड कुठे?

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मापं फोनवर सांगितली की घोटाळा होतोच. आणि पेशंटची फाईल मेलने पाठवायला आमच्याकडे बंदी, तुमच्या मशीनच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. म्हणून पोस्ट.

ह्यांना ऐकू नीट येतं. अडचण चष्म्याची आहे. काडी टेकायला जागाच नाही. जन्मभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले आणि आता स्वतःचा घसरतो. दुकान सध्या भागीदार बघतोय. बाकी तब्येत उत्तम. तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि कान कधी येतो म्हणून रोज विचारतात.

तुमची भावजय


९ मार्च

अगं भावजयबाई,

तुझी फाईल उघडली आणि पडद्यावर मुंगीचा कान! मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, तरी मुंगीचाच. मग लक्षात आलं. तुझा प्रोग्राम नुसते आकडे लिहितो, ते कुठल्या मापाचे ते सांगत नाही. माझा प्रोग्राम आपल्या मनाने काहीतरी समजून बसतो. दोघंही घुमे, कुणी कुणाला विचारत नाही. मी माप हाताने भरलं, तेव्हा कुठे माणसाचा कान झाला.

आणखी एक भानगड होती. तुझा कान पालथा पडलेला. सपाट बूड वर, पाळीची वळणं खाली. माझ्या मशीनला बूड खाली लागतं, नाहीतर मेण लटकून ओघळतं. आख्खा आकार असता तर हाताने उलटा केला असता, पण नुसते काप हा प्रोग्राम फिरवू देत नाही. मग काय, कापांचा क्रम बदलला. शेवटचा पहिला आणि पहिला शेवटचा. झाला कान ताठ बसता. पंचवीस वर्षं ह्या मशीनजवळ काढलीत, एवढं जमणारच.

एक सांगायचं राहिलं. मालक हे मशीन काढून टाकतायत. पंधरा एप्रिलला भंगारवाला येणार. नवीन आलंय त्याला मेण चालत नाही. तेव्हा काही सुधारायचं असलं तर त्याच्या आत.

कान पार्सलने पाठवतेय. धाकट्याला सांग, ताईने स्वतःच्या हाताने खरखर काढलीय, आता मुकाट्याने घालून बस.

ताई


१८ मार्च

ताई,

कान मिळाला. काय सुरेख झालाय! पाळीच्या वर ह्यांच्या कानाला एक बारीक दुमड आहे ना, तीसुद्धा आलीय. मी किती वेळ हातात घेऊन बसले होते.

फक्त एक आहे. तो डावा आहे.

मी आधी माझ्याच उजव्या कानाशी धरून पाहिला. मग वाटलं आरशामुळे गोंधळ होतोय, म्हणून शेजारणीला उभं करून तिच्या कानाशी धरला. ती बिचारी विचारत राहिली की हे काय चाललंय. डावाच आहे, ताई.

चूक माझीच असणार. तुम्ही इतकी वर्षं हे काम करताय. नवीन कार्ड पाठवतेय, ह्या वेळी फाईल नीट केलीय. काय केलं ते लिहून तुमचं डोकं खात नाही. तुम्ही फक्त काढा.

ह्यांना सध्या सांगितलेलं नाही. आता एकदम उजवाच दाखवीन.

तुमची भावजय


२५ मार्च

अगं,

होतं असं कधीकधी. मशीन म्हातारं झालंय, ते तरी काय करणार? मी माझ्या बाजूने एक बारीकशी गोष्ट जुळवून घेतलीय. त्यात तुला पडायचं कारण नाही. दुसरा कान सोबत पाठवतेय. ह्या वेळी बिनघोर राहा.

मला एक कळत नाही. धाकटा रोज कान कधी येतो विचारतो म्हणतेस, आणि माझ्या एका पत्राला त्याची एक ओळ नाही. फोन केला तर ‘बरा आहे’ म्हणतो आणि फोन तुझ्या हातात देतो. एवढा घाईला आलेला माणूस बहिणीला दोन शब्द लिहीत नाही? लिहायला सांग. मोठ्या बहिणीचा हुकूम आहे म्हणावं.

ताई


२ एप्रिल

ताई,

लिहितोय, तुझ्या हुकमाने.

पार्सल मी उघडलं. नाव हिचं होतं, पण खोक्यावर अक्षर तुझं होतं. मला वाटलं तू खाऊ पाठवलास. आत मेणाचा कान आणि तुझं पत्र. पत्रात वाचलं की मी रोज कानाची वाट बघतोय. मग हिचं कपाट उघडलं, तर चादरींच्या मागे आणखी एक कान. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही डावे.

मी कान मागितला नव्हता, ताई. एकदाही नाही. डॉक्टरांनी बोलावलं होतं, मी गेलो नाही. हिला स्पष्ट सांगितलं होतं की मला नको. ही हो म्हणाली आणि माझ्या पाठीमागे तुझा कारखाना कामाला लावला. आज घरात आवाज चढले. दोघांचेही.

तू विचारशील, का नको? सांगतो. पट्ट्या निघाल्यावर मी एकदा दुकानात गेलो होतो. चष्मा दोरीने बांधून. एक बाई मुलीला घेऊन आल्या. मी तिला फ्रेम घालून बघायला वाकलो, तर मुलगी आईच्या मागे लपली. बाई ‘पुन्हा येऊ’ म्हणाल्या. चष्मा घेणारा माणूस आधी चष्मा देणाऱ्याचा चेहरा बघतो, हे मला माहीत आहे, मी आयुष्यभर ह्यावर धंदा केलाय. मला लाज वाटते, ताई. आता घरात टोपी घालून बसतो आणि त्याचीही लाज वाटते. पण रबराचा कान चिकटवून हिंडायचं? आणि तो गिऱ्हाइकासमोर गळून पडला म्हणजे? त्यापेक्षा नकोच ते. ह्या महिन्यात दुकान भागीदाराच्या नावावर करून टाकतोय. कागद तयार आहेत.

आणि तुम्ही दोघी स्वतःला शहाण्या समजता ना? आमच्याकडे भिंग घासायला जातं तेव्हा ते कोणत्या डोळ्याचं ते आधी त्याच्यावर लिहितात. तुम्ही कानाच्या बुडावर एक ‘उ’ कोरला असता तर पहिल्याच खेपेला उलगडा झाला असता. ‘उ’ सरळ वाचता आला तर वाटेत कुणी काही उलटं केलं नाही. आरशातल्यासारखा दिसला तर केलं. मात्र अक्षर आधी घालायचं नाही, ही तो कान उलट करते ना, ते झाल्यावर घालायचं. आणि चांगलं खोल, चार-पाच कापांत उतरेल असं, नाहीतर मेणात बुजेल.

असो. मला कान नकोय.

धाकटा


५ एप्रिल

धाकट्या,

एका पाकिटात दोन पत्रं घालतेय. हे तुझं. दुसरं तिचं, पण तूही वाच, काही लपवायचं उरलेलं नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढे दिवस ‘बरा आहे’ म्हणत होतास, त्यापेक्षा हे बरं. पण मला एक सांग. ज्याला कान नको असतो तो अक्षर कधी कोरायचं, किती खोल कोरायचं, ते सांगत बसतो का? तुझं निम्मं पत्र नको म्हणतं आणि निम्मं कान कसा काढायचा ते शिकवतं. मी ह्या दुसऱ्या निम्म्याचं ऐकणार आहे.

कान गळून पडेल म्हणतोस. पडला तर उचलायचा आणि परत लावायचा. तुझ्या गिऱ्हाइकांचे चष्मे काय पडत नाहीत? तेव्हा काय सांगतोस त्यांना, की आता आंधळे राहा?

दुकान द्यायचं तर दे, तुझं आहे. पण चष्मा नीट नाकावर ठेवून, सही कुठे करतोस ते दिसेल असं दे. तोवर कागदाला हात लावू नकोस. हाही हुकूमच.

ताई

*

भावजयबाई,

माझ्याशी खोटं बोललीस. ‘नमस्कार सांगितलाय’ म्हणे! राग आलाय आणि तो तुला भेटल्यावर समोरासमोर काढीन. आत्ता दहा दिवस राहिलेत, रागाला वेळ नाही.

पहिला कान डावा आला ती तुझी चूक नव्हती, माझी होती. तुझं पत्र आलं त्याच दिवशी कळलं. कारखान्याच्या मागे लोखंडी गोल जिना आहे. उतरताना मनात आलं, ह्याच्या पायऱ्या सुट्या केल्या आणि वरची खाली, खालची वर अशा रचल्या, तर जिना उलट्या बाजूला वळेल. उजवीकडून चढायचो तिथे डावीकडून चढू. कापांचा क्रम उलटा केला की तेच होतं. नुसतं पालथं उताणं होत नाही, उजव्याचं डावं होतं. पंचवीस वर्षांत हे मला कळलं नाही, कारण नळाच्या तोट्या दोन्हीकडून सारख्या असतात. कधी गोंधळ उडालाच नाही.

मग दुसऱ्या खेपेला मी क्रम बदलला आणि शिवाय प्रत्येक काप आडवा उलटवला. म्हणजे दोनदा उलटं झालं आणि हिशेब बरोबर बसला. तुला सांगितलं नाही, कारण मोठेपणाला जड गेलं.

आता तू काय केलंस ते सांगते. तुला वाटलं ताईचा प्रोग्राम उलटं करतो, पण ताईला कसं सांगायचं? म्हणून तू आपल्याकडचं उलट करणं गुपचूप सोडून दिलंस आणि साधा डावाच पाठवलास. हो ना? मी माझी चूक लपवून दुरुस्त केली, तू माझी चूक झाकून दुरुस्त केलीस, आणि दोघींनी मिळून पुन्हा डावा काढला. शाब्बास आपली.

आता नीट ऐक. तू पहिल्यासारखाच कान उलट कर, म्हणजे उजवा होईल. मी क्रम आणि काप दोन्ही उलटवणार आहे, त्याने उजवा उजवाच राहील. ह्यापलीकडे कुणी कशाला हात लावायचा नाही. वाटलंच तर आधी लिही. आणि बुडावर ‘उ’ घाल, त्याने सांगितल्यासारखा.

ताई


९ एप्रिल

ताई,

हो. अगदी तेच केलं होतं. तुमचं पत्र वाचताना कान तापले, म्हणजे माझे खरे.

खोटं बोलले त्याची माफी मागते, पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा बोलेन, हेही सांगून ठेवते. ह्यांना त्या खोलीत टोपी घालून भिंतीकडे बघत बसलेलं रोज बघायचं मला जमत नव्हतं. विचारत बसले असते तर अजूनही ‘नको’च ऐकत असते.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं. काल सुट्टी होती, मी फाईल करायला हॉस्पिटलात निघाले तर दारात बूट घालून उभे. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, पण उभे. आमच्या विभागात माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. मी कान उलट केला, तो ह्यांनी पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, ‘अक्षर मी काढतो.’ भिंगावर खूण करतात ना, त्याच हाताने काढलं, हळूहळू, ओठ आवळून. मी म्हटलं, म्हणजे लावणार ना? तर म्हणाले, ‘लावीन असं म्हटलेलं नाही. पण माझ्या घरात तिसरा डावा कान नको.’

कार्ड सोबत आहे. मी कशालाही हात लावलेला नाही, शपथेवर.

दुकानाचे कागद अजून टेबलावर आहेत. सही नाही.

तुमची भावजय


१५ एप्रिल

मुलांनो,

कार्ड परवा मिळालं. काल दिवसभर मालकांचं घाईचं काम मशीनवर होतं, मला हात लावू देईनात. म्हणून आज सकाळी कान चढवला. पाळीपर्यंत आला असेल-नसेल, तर भंगारवाल्याची गाडी दारात. माणसं आत आली आणि एकजण सरळ वायर काढायला वाकला. मी स्टूल मशीनसमोर ठेवून त्यावर बसले. मालक आले. म्हटलं, साहेब, हे चालू असताना काढायचं असेल तर आधी मला उचला. मालक माझ्याकडे बघत राहिले. कधी उलट बोलले नाही ना मी त्यांना. मग भंगारवाल्यांना म्हणाले, ‘चहा घ्या तुम्ही. बाईंचं काम होऊ दे.’

ती माणसं चहा पीत माझ्याभोवती उभी राहिली. थरामागून थर चढत होता आणि सगळे वाकून बघत होते. एकाने विचारलं, हा कुणाचा? मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाचा.

झाल्यावर हातात घेतला आणि उलटून बूड पाहिलं. ‘उ’ सरळ आहे. धाकट्याच्या हातचा, खालची शेपटी जराशी लांब. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. मग मशीन त्यांनी नेलं, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

कान पाठवतेय. आता पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी दमले.

ताई


२२ मे

ताई,

उशीर झाला लिहायला. डॉक्टरांकडे तीन-चार खेपा झाल्या. मेणावरून साचा, साच्यातून रबरी कान, मग रंग. ह्यांनी रंगावरून त्या डॉक्टरांना असं छळलं! कडेला जास्त लाल हवा, पाळी एवढी गोरी नको, माझं कातडं उन्हातलं आहे. मी बाहेर बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, छळा, छळा, आणखी छळा.

काल लावला. चष्मा चढवला. तो बसला, ताई. मान हलवून पाहिली, खाली वाकून पाहिलं, बसलेलाच. आरशासमोर खूप वेळ उभे राहिले. दिसतो का खोटा? जवळून दिसतो. तसं मी खरंच सांगितलं, आता खोटं बोलायचं नाही ठरवलंय. हे म्हणाले, ‘दिसू दे.’

आज सकाळी म्हणाले, दुकानात जातो. मीही निघाले. तुम्हाला हे कधी लिहिलं नव्हतं, पण काच पडल्यापासून हे मला रस्त्यात कधी उजव्या हाताला येऊ देत नव्हते. मी चुकून त्या बाजूला गेले तर थांबायचे आणि बाजू बदलून घ्यायचे, काही न बोलता. त्यामुळे आज मी आपणहून डावीकडे गेले. हे फाटकापाशी थांबले. माझा हात धरला आणि मला दुसऱ्या बाजूला आणलं. ‘इकडून चल,’ म्हणाले.

दुकान येईपर्यंत मी त्याच बाजूने चालले.

तुमची भावजय